करंगळीले पहिले विचारा

अख्ख्या पवनीत असा एकही माणूस सापडणार नाही, ज्याचा हात आमच्या भाऊजींनी मोजलेला नाही. हे मी शपथेवर सांगतो. खरं तर जन्मभर तालुक्याच्या कार्यालयात कारकुनी केल्यामुळे शपथा लोकांकडून लिहून घ्यायची मला सवय, स्वतः घ्यायची नाही. पण या एका बाबतीत बेधडक घेतो. माणूस भेटला की आपण रामराम घालतो, जयभीम करतो, फार झालं तर हातात हात देतो आणि सोडून देतो. भाऊजी हातात घेतलेला हात सोडत नाहीत. तो उलटा करतात, बोटं फाकवून पाहतात, सदऱ्याच्या खिशातून शिंप्याचा टेप काढून करंगळीच्या टोकापासून मनगटापर्यंत लावतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून गंभीरपणे विचारतात, "करंगळीत कळ येते का जी?" ज्याला येत नसेल त्यालाही दोन दिवसांनी आल्यासारखी वाटते. मग कापडी पाठीच्या एका जाडजूड वहीत पेन्सिलीनं त्या हाताची बाह्यरेषा काढली जाते. सुरुवात नेहमी करंगळीपासून. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "अंगठ्याले सारेच विचारतेत साडभाऊ. सही नाही आली त अंगठा, कर्ज पाहिजे त अंगठा. ह्या बिचारीले कोण विचारते? करंगळीले पहिले विचारा, बाकीचे आपोआप बोलतेत."

भाऊजी म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, तिचे यजमान. घराणं विणकरांचं. त्यांच्या घरी मधल्या खोलीत खड्डामाग होता, म्हणजे विणकरानं जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. त्या घरातली एक रीत मला फार आवडायची. मागावर नवीन माणूस बसणार असेल, मुलगा हाताशी आला असेल किंवा सून घरात आली असेल, तर आधी त्या माणसाचे पाय मोजायचे आणि खड्डा त्या मापानं बुजवायचा नाहीतर खोल करायचा. माणसानं खड्ड्याच्या मापाचं व्हायचं नाही. माग बंद पडला, आसपासच्या साऱ्याच घरांतले पडत गेले तसा, पण ती रीत भाऊजींच्या अंगातून गेली नाही. पोटासाठी त्यांनी टायपिंगचा क्लास काढला. पुढे भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास कार्यालयांत संगणक शिरले आणि आमची टंकयंत्रं भंगारात गेली. भाऊजींनीही क्लासात दोन संगणक आणले, पहिल्याच दिवशी त्या सपाट कीबोर्डावर दोन्ही हात ठेवले आणि भडकून उठले. "हे कोण्या माणसासाठी बनवलं जी? कोपरं बरगडीले चिकटवा अन् मनगटं बाहेर मोडा! असं आपण जेवतो का? असं झोपतो का? मंग टाइपच कायले असं करा?" त्या दिवसापासून माणसाच्या मापाचा कीबोर्ड बनवण्याचं वेड त्यांनी घेतलं. मागाच्या जुन्या खड्ड्यातच पाय सोडून, वर फळी टाकून, ते कीबोर्ड बनवायला बसू लागले.

पहिला बनवला तो पितळेचा. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, तिथे भाऊजींचा एक कासार मित्र होता, आणि मैत्रीत माणूस काय करेल याचा नेम नाही. त्यानं दोन तळव्यांसारखे दोन पितळी उंचवटे ठोकून दिले. वस्तू देखणी होती, वादच नाही. फक्त उचलायला दोन माणसं लागत, पौषात तिच्यावर बोटं टेकवत नसत, आणि एकदा वायर उघडी पडली तेव्हा भाऊजींना असा झटका बसला की खड्ड्यातून बाहेर यायला त्यांना पायरी लागली नाही. बाईंनी तो कीबोर्ड त्याच दिवशी स्वयंपाकघरात नेला आणि लोणच्याच्या फोडींवर दाब म्हणून ठेवला. "आता लागला कामाले," एवढंच बोलल्या. भाऊजी रागावले नाहीत. दाब चांगला बसतो का, हे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहून घेतलं.

नंतरचे सागवानाचे. सुताराकडून दोन वेगळ्या फळ्या कोरून घ्यायच्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या हाताची, मधून उंच आणि बाहेरून उतरत्या. बाजारातला साधा कीबोर्ड फोडून त्यातलं सर्किट काढायचं, एकेका बटणाला वायर डाखून ती बटणं फळीवर बोटं जिथे आपसूक पडतात तिथे बसवायची. प्रत्येक हाताला वेगळी फळी. यासाठी ते सगळ्या गावाचे हात मोजत हिंडायचे, आणि प्रसंग कोणता आहे हे बघायचे नाहीत. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही करडीला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मान खाली घालून बसली. मुलाकडचे काय विचारतात याची सगळे वाट पाहत होते. भाऊजी म्हणाले, "बेटा, हात पुढे कर." मी डोळे मिटून घेतले. मुलीच्या बापाला वाटलं, हे ज्योतिषी असावेत. त्यानं मुलीला खूण केली. भाऊजींनी टेप लावला आणि विचारलं, "करंगळीत कळ येते का?" मुलगी पतसंस्थेत संगणकावर बसायची. तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाली, "हाव जी. संध्याकाळी त लयच येते. तुम्हाले कसं समजलं?" लग्न जमलं. आहेर म्हणून भाऊजींनी काय दिलं असेल ते सांगायला नको.

इथपर्यंत सगळं ठीक. पण हे खपेना. भंडाऱ्याच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसले, तर लोक येऊन विचारत, "ही पेटी आहे का जी? सूर कुठून निघते?" संगणकाच्या दुकानदारांकडे गेले, तर ते चहा पाजून पाठवणी करत. मी एकदा वैतागून म्हणालो, "भाऊजी, इतकी चांगली वस्तू, मग घेत काहून नाहीत लोक?" त्यांनी जे उत्तर दिलं ते मी माझ्या साऱ्या साहेबांना ऐकवायला हवं होतं. "विकत घेणार साहेब अन् बडवणार बाबू. साहेबाचं मनगट दुखलं का कधी? ज्याचं दुखते त्याच्या हाती खरेदी नाही, अन् ज्याच्या हाती खरेदी आहे त्याचं दुखत नाही. बस, एवढाच बजार आहे ह्याचा." असं म्हणून ते हसले, आणि पुढच्या हाताची फळी तासायला घेतली. निराश व्हायला या माणसाला सवडच नव्हती.

तेवढ्यात आमच्या कार्यालयात सुजाता आली. तिचा नवरा आमच्याकडे शिपाई होता, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. पदरात दोन लेकरं. अनुकंपा तत्त्वावर तिला लिपिकाची नेमणूक मिळाली, पण एका अटीवर: ठरलेल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. बारावी शिकलेली, कामाला वाघीण, अक्षर मोत्यासारखं. पण डाव्या हाताची करंगळी नव्हती आणि शेजारचं बोट अर्धंच होतं. लग्नाआधी धान मळताना यंत्रानं नेलं होतं. मराठी टाइपला दर दोन अक्षरांमागे शिफ्टचं बटण दाबावं लागतं, आणि ते नेमकं करंगळीचं काम. तेवढ्याशा बोटांवर अपंगत्वाचा दाखला मिळण्याइतकी टक्केवारी भरत नव्हती, म्हणजे सरकारच्या लेखी तिचा हात धडधाकट. ती दोनदा परीक्षेला बसली, दोनदा वेगात मागे पडली. आता मुदतीत एकच परीक्षा बसत होती. मी तेव्हा बडेबाबू, आस्थापना माझ्याकडे. कारकुनाची जात, वेळेवर धावपळ नको म्हणून मी तिच्या सेवासमाप्तीच्या नोटिशीचा मसुदा आधीच टाइप करून टेबलावर ठेवला होता. फक्त तारीख भरायची बाकी होती.

त्या दिवशी भाऊजी बाईंनी दिलेला माझा डबा घेऊन कार्यालयात आले. सुजाता फाइल द्यायला आली, भाऊजींनी सवयीनं तिचा हात धरला, आणि ती डावा हात पदराखाली लपवू लागली. "लपवू नको बेटा. मोजू दे." तिनं हात पुढे केला. त्यांनी वही चाचपली, वही घरी राहिलेली. माझ्या टेबलावरचा पहिला पाठकोरा कागद त्यांनी ओढला आणि त्यावर तिचा हात ठेवला. तो कागद कोणता होता हे मला दिसत होतं.  पेन्सिल करंगळीच्या जागी आली आणि थांबली. तिथं बोटच नव्हतं. सुजाता खाली मान घालून म्हणाली, "ते नाही ना जी काकाजी." भाऊजी म्हणाले, "नाही त नाही. पण तिच्या वाट्याचं काम त आहे ना? ते कोणाले द्यायचं, ते पाहू." आणि जिथे बोट असायला हवं होतं तिथे त्यांनी हलकी तुटक रेघ काढली. कागदाची घडी करून तो खिशात घातला आणि गेले. मसुदा गेला. दुसरा टाइप करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी तो केला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून केलेली ही माझी पहिली दिरंगाई.

तीन दिवसांनी भाऊजी पहाटेच माझ्या दारात. "सापडलं साडभाऊ! पाय!" मी म्हणालो, "कोणाचा?" "अहो, मागावर आमचे पाय अर्धं काम करत. टाइपमध्ये दोन्ही हात राबून राहिले अन् पाय बसून खातेत! शिफ्टले पावडी लावतो." त्यांनी खरंच जुन्या मागाची पावडी काढली, आखूड केली, खाली स्प्रिंग लावली आणि तिची वायर शिफ्टच्या जागी जोडली. फळी सुजाताच्या हाताबरहुकूम, करंगळीची अक्षरं शेजारच्या बोटांत वाटून दिलेली. ती रोज कार्यालय सुटलं की लेकरांना बाईंजवळ सोडून मागाच्या खोलीत सरावाला बसायची. पहिले आठ दिवस पाय हाताच्या आधी पडायचा आणि भलतीच अक्षरं उमटायची. "घाई नको करू. हाताले वाटते आपणच मालक," भाऊजी सांगायचे. "पायाले मान दे." बाई बाहेरून म्हणायच्या, "माझ्या पायायले कधी देला नाही मान, किती दुखतेत ते!" पण म्हणता म्हणता सुजाताच्या हातापायांची अशी गट्टी जमली की खोलीतून पुन्हा माग चालल्यासारखा ठेका ऐकू येऊ लागला. बाई स्वयंपाक थांबवून ऐकत उभ्या राहायच्या.

आणि याच वेळी नागपूरचा एक बडा व्यापारी चालून आला. कुणाकडे तरी त्यानं तो सागवानी कीबोर्ड पाहिला होता. म्हणाला, "भाऊ, चीज बढिया है. शंभर नग उचलतो. बस, साइज एकच ठेवा." भाऊजींनी विचारलं, "कोणाच्या हाताची?" तो म्हणाला, "किसी की भी चलेगी." बाईंनी त्या दिवशी गोड केलं. इतक्या वर्षांत कुणी एक नग आपणहून मागितला नव्हता, हा शंभर मागत होता. नमुना द्यायचा दिवस ठरला सोमवार. मग आमच्या भाऊजींनी असा घोळ घातला, जो त्यांच्यासारखाच माणूस घालू शकतो. 'कोणाचाही हात' म्हणजे नेमका कोणाचा, हे शोधायला त्यांनी वहीतले सगळे हात घेतले, पैलवानाचे, नव्या नवरीचे, मास्तरांचे, पतसंस्थेवाल्या पोरींचे. सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढली आणि त्या मापाचा एक सुबक नमुना बनवला. मग तो पहिल्यांदा स्वतः लावून पाहिला. बसेना. बाईंना बसेना, मला बसेना, सुताराला बसेना. अर्धी पवनी येऊन हात लावून गेली, एकाच्याही हाताला तो बसला नाही. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता, भाऊजी आनंदानं टाळी वाजवून म्हणाले, "पाहा साडभाऊ! साऱ्यायचा हात म्हणजे कोणाचाच हात नाही!"

"पण तो व्यापारी कुठे टाइप करतो?" मी म्हणालो. "त्याला काय कळतंय? द्या तसाच." बाईही हात जोडून म्हणाल्या, "देऊन टाका जी एक डाव." भाऊजी तयार झालेही होते. तेवढ्यात परीक्षेचं वेळापत्रक आलं. सुजाताची परीक्षा भंडाऱ्याला, त्याच सोमवारी. पावडी नवीन जागी नीट बसवायची, तिची उंची पायाच्या मापानं लावायची, तर भाऊजीच हवेत. आणि व्यापाऱ्यानं बजावलेलं, सोमवारी नमुना घेऊन स्वतः या, नाहीतर माल दुसरीकडून उचलतो.  रविवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, "त्या पोरीसोबत साडभाऊले पाठवा. तुम्ही नागपूरले जा. शंभर नगाची गोष्ट आहे." भाऊजी म्हणाले, "खड्डा मोजाले दुसऱ्याले पाठवतेत का?" एवढंच. सकाळच्या एसटीत सुजाता, मी आणि पावडी मांडीवर घेतलेले भाऊजी.

परीक्षा केंद्राचे साहेब आमची वरात पाहून उभेच राहिले. "हे काय? शिलाई मशीन कायले आणलं?" मी आयुष्यभराची कारकुनी पणाला लावली. नियमात संगणक केंद्राचा हवा असं आहे, कीबोर्ड स्वतःचा आणू नये असं कुठेही नाही, हवा तर लेखी अर्ज देतो, म्हणालो आणि तिथल्या तिथे दिला. साहेब अर्ज वाचत होते, तोवर भाऊजींनी त्यांचा हात धरला होता. मी मनात म्हटलं, मेलो. "करंगळीत कळ येते का जी, साहेब?" साहेबांनी हात झटकला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "करंगळीत नाही. मनगटात येते." भाऊजींनी मनगट दाबून पाहिलं आणि दोन सूचना केल्या. साहेबांनी सुजाताच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि अर्जावर सही केली.

परीक्षा सुरू झाली आणि पावडी खडखडू लागली. शेजारच्या उमेदवारांनी तक्रार केली, पर्यवेक्षक उठले. दारात उभ्या असलेल्या भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हात जोडून परवानगी मागितली, वाकून आत गेले आणि त्याची घडी पावडीखाली सारून तसेच वाकून परत आले. मग आवाज आला नाही. मी खिडकीतून फक्त तिचा पाय पाहत होतो. खाली, वर. खाली, वर. भाऊजी माझ्याजवळ उभे होते आणि त्यांचाही पाय चपलेत तसाच हलत होता. त्या वेळी हा माणूस माझा साडू आहे याचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू!

सुजाता पास झाली. व्यापाऱ्यानं माल दुसरीकडून उचलला. बाई आठ दिवस भाऊजींशी बोलल्या नाहीत; नवव्या दिवशी सुजाता पेढे घेऊन आली, तेव्हा पहिला पेढा बाईंनीच भाऊजींच्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, "घ्या. हाच तुमचा बजार." पुढेही कीबोर्ड खपले नाहीत. बनत मात्र राहिले, एकेका हातासाठी एकेक.

आता मी निवृत्त आहे. माझ्या खुर्चीवर सुजाता बसते आणि तिच्या टेबलाखाली अजून ती पावडी आहे. मागच्या हिवाळ्यात भाऊजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पवनीभर हात धरून बोलणारा माणूस खाटेवर पडून छताकडे बघायला लागला. काही सांगायला गेले की आम्हाला कळत नाही, आणि आम्हाला कळत नाही हे त्यांना कळतं, ते बघवत नाही. एका रविवारी सुजाता आली आणि म्हणाली, "बडेबाबू, काकाजीचा डावा हात त चालते ना? एका हाताचा कीबोर्ड बनवतो मी. वायरा डाखणं त्याहीनंच शिकवलं मले. लिहून बोलतीन ते." बाईंनी वही आणून दिली. आम्ही भाऊजींच्या हाताचं पान शोधायला लागलो. पैलवानाचं होतं, सुताराचं होतं, माझं होतं, बाईंचं तर तीनदा होतं. भाऊजींचं नव्हतं. अख्ख्या पवनीत एकच हात मोजायचा राहिला होता, आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

शोधता शोधता सुजाताला मधे घडी केलेला कागद सापडला. एका बाजूला तिचा हात, तुटक रेघेच्या करंगळीसकट. तिनं तो उलटला आणि मागचा मसुदा वाचला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. "बडेबाबू, हे तुम्ही लिहिलं होतं?" मी म्हणालो, "हो." तिनं घडी करून तो कागद होता तिथेच ठेवला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

भाऊजींचा डावा हात तिनं अलगद पानावर ठेवला आणि पेन्सिल अंगठ्याशी नेली. हात एकदम मागे ओढला गेला. बाई घाबरल्या, "दुखलं का जी?" भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. ओठ थरथरले, घशात घरघर झाली, आणि कितीतरी महिन्यांनंतर पहिल्यांदा एक शब्द आम्हाला नीट ऐकू आला. "पहिले..." सुजाताचे डोळे भरून आले. "चुकलं काकाजी," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलून करंगळीशी ठेवली. हात परत पानावर आला. तिनं विचारलं, "करंगळीत कळ येते का जी?" भाऊजींनी डोळे मिटले आणि हळूच मान डोलावली.